परक्या चित्रांचा देशी आवाज

वाशी तालुक्यांत चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याहि गृहस्थास शेरखान कसा बोलत असे म्हणून विचारावें, तो क्षणभर न अडखळतां आवाज खोल नेऊन दाखवितो. किपलिंग हें नांव त्यास ठाऊक असेलच असें नाहीं. तीं चित्रें जपानांत काढलेलीं होतीं हें तर पुष्कळदां त्याच्या गांवींहि नसतें. मूळ गोष्ट इंग्रजी, चित्रें जपानी, बोली हिंदी, शेरखानाच्या तोंडून बोलणारा नट मराठी, आणि ऐकणारीं मुलें बालाघाटाच्या परिसरांतलीं! इतक्या हातांतून फिरलेल्या वस्तूचा धनी कोण, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा दिसतो. आमच्या मतें तो इतिहासाच्या अभ्यासकाचाहि आहे. कोणती वस्तु पुढच्या पिढीच्या हातीं पडते आणि कोणती कुलुपांत राहते, हें पुष्कळदां तिच्या गुणांवर ठरत नाहीं, तिच्या मालकीच्या कागदावर ठरतें; आणि ज्या आवाजांवर आमच्या भागांतील एक सबंध पिढी वाढली, त्या आवाजांचा कागद कोणाच्या नांवें आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

मूळ गोष्टीपासूनच आरंभ करूं. रुडयार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईस झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. 'जंगल बुक' हें पुस्तक १८९४ सालीं आणि त्याचा दुसरा भाग १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. गोष्टींतील अरण्य मध्यप्रांतांतील सिवनीचें. परंतु तें लिहिलें गेलें अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत, बर्फानें वेढलेल्या घरांत बसून. किपलिंग १९३६ च्या जानेवारींत वारला. आपल्याकडे १९१४ चा कॉपीराइटचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता; आमचा जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होता. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालीं झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें त्याच्या पुस्तकावर वारसांचा हक्क चाले. किपलिंगच्या बाबतींत ही मुदत १९८६ च्या अखेरीस संपली आणि १९८७ च्या आरंभापासून मोगलीची गोष्ट भारतांत सर्वांना मोकळी झाली.

येथें एक योगायोग सांगण्याजोगा आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा, तों त्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत सरकारनें वटहुकूम काढला आणि पुढील वर्षीं कायद्यांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांचीं साठ केलीं. शांतिनिकेतनास त्यामुळें दहा वर्षांची सवलत मिळाली. किपलिंगचा हक्क मात्र तत्पूर्वींच संपलेला असल्यामुळें तो या दुरुस्तीनें पुन्हां जिवंत झाला नाहीं. उलट इंग्लंडांत ही मुदत सत्तर वर्षांची झाली आणि १९९६ च्या आरंभापासून २००६ च्या अखेरीपर्यंत किपलिंगचीं पुस्तकें पुन्हां हक्काखालीं आलीं. म्हणजे त्या अकरा वर्षांत एकच पुस्तक वाशींत मोकळें आणि लंडनांत बांधलेलें होतें. कायद्याच्या राज्यांत अशा गमती पुष्कळ असतात.

पण मोकळी होती ती केवळ गोष्ट. जपानांतील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें त्याच गोष्टीवर बावन्न भागांची चित्रमालिका तयार केली, आणि ती १९८९ च्या ऑक्टोबरापासून १९९० च्या ऑक्टोबरापर्यंत तेथील टीव्ही टोकियो या वाहिनीवर दाखविली गेली. त्या चित्रांवर नवा, स्वतंत्र हक्क निर्माण झाला. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें चालतो. आणि जपान व भारत हे दोन्ही देश बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारांत असल्यामुळें परदेशी चित्रासहि येथें तेंच संरक्षण मिळतें. याचा परिणाम असा कीं, वाशींतील एखाद्या शिक्षकानें मोगलीची गोष्ट मराठींत लिहून छापली, तर त्यास कोणाचीहि परवानगी नको. त्याच शिक्षकानें त्या जपानी चित्रांना मराठी आवाज देऊन तीं चार घरीं दाखविलीं, तर तो गुन्हेगार. गोष्ट आणि चित्र यांच्यामधील ही रेघ सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं; पण पुढील सर्व इतिहास या रेघेवरून चाललेला आहे.

आमच्याकडे दूरदर्शन आलेंच मुळीं उशिरा. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांना चित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकांतील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे होते. गुलबर्ग्याची शीव आमच्या जिल्ह्यास लागलेली. म्हणजे शिवेपलीकडच्या कांहीं खेड्यांतील शेतकऱ्यांनीं चौकांत बसून चित्रवाणी पाहिली, आणि अलीकडच्यांनीं तिची केवळ वार्ता ऐकली. १९८२ सालीं दूरदर्शन रंगीत झालें, १९८४ च्या सुमारास देशभर कमी शक्तीचीं प्रक्षेपण-केंद्रें भराभर उभीं राहिलीं, आणि मग तालुक्याच्या गांवांत पत्र्यांवर व माळवदांवर उंच काठीस बांधलेले अँटेना दिसूं लागले. चित्रांत मुंग्या आल्या कीं एकानें माळवदावर चढून काठी फिरवावयाची आणि दुसऱ्यानें खालून 'आलं, आलं' म्हणून ओरडावयाचें, हा त्या काळचा एक गृहोद्योगच होता. १९९३ सालीं रविवारीं सकाळीं मोगली आला तो याच काठीवरून.

काठीच्या मागोमाग तार आली. १९९१ मध्यें स्टार आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी या वाहिन्या सुरू झाल्या, आणि त्या पकडणारी मोठी छत्री गच्चीवर बसवून खांबाखांबावरून घरोघर तार नेणारा केबलवाला हा गांवगाड्यांत नवाच बलुतेदार उत्पन्न झाला. छत्रीनें जें येई तें तो देईच. परंतु त्याची स्वतःची अशीहि एक वाहिनी असे. दुकानांतून भाड्यानें आणलेली फीत तो व्हीसीआरमध्यें घाली, आणि ती शंभर-दोनशें घरांत एकाच वेळीं दिसे. दुपारीं सिनेमा, सकाळीं मुलांसाठीं एखादें कार्टून. त्या फितीवर काय लिहिलें आहे, ती कोणास दाखविण्याची मुभा आहे, याची चौकशी पाहणारा करीत नसे व दाखविणाराहि करीत नसे.

ही चौकशी मुंबईच्या उच्च न्यायालयांत मात्र त्यापूर्वींच होऊन गेली होती. गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक हा खटला १९८९ च्या जानेवारींत निकालांत निघाला. चित्रपटांच्या हक्कदारांची तक्रार अशी कीं, केबलचे चालक आमचे चित्रपट फितीवरून वर्गणीदारांच्या घरोघर दाखवितात आणि त्याबद्दल पैसे घेतात. चालकांचें उत्तर ऐकण्यासारखें होतें. ते म्हणाले, आमचा प्रेक्षक आपापल्या घरांत, आपल्या कुटुंबांत बसून चित्र पाहतो. घर हें कांहीं नाटकगृह नव्हे. मग यांत 'जनता' कोठें आली? न्यायमूर्ति सुजाता मनोहर यांनीं हा बचाव मानला नाहीं. प्रत्येक घर खाजगी असलें, तरी तार ज्या घरांत गेली आहे तीं सारीं घरें मिळून जनतेचा एक भागच होतो. तो भाग हक्कदाराचा संभाव्य ग्राहकवर्ग आहे, आणि चालक त्याजकडून वर्गणी घेतो. म्हणून हें प्रक्षेपण जनतेसाठींच आहे, असा त्या निकालाचा इत्यर्थ.

या निकालाचें मूळ तत्त्व जुनें आहे. इंग्लंडमधील एका खेड्यांत स्त्रियांच्या मंडळानें फक्त सभासदांपुढें, तिकीट न लावतां, एक लहानसें नाटक करविलें. नटींनाहि पैसे नव्हते. तरीसुद्धां १९३६ च्या जेनिंग्ज विरुद्ध स्टीफन्स या निकालांत तो प्रयोग सार्वजनिक ठरला. कारण गांवोगांव अशीं मंडळें असतात, आणि सर्वांनीं असेंच केलें तर नाटककाराचा खरा प्रेक्षक त्यांतच संपून जाईल. प्रेक्षकांचें एकमेकांशीं नातें काय हें पाहूं नका, त्यांचें ग्रंथकाराशीं नातें काय हें पहा, असा हा विचार. आम्हांस तो मार्मिक वाटतो. १९९४ च्या दुरुस्तीनें तो आपल्या कायद्यांत शब्दशः उतरला. उपग्रहानें किंवा तारेनें एकाहून अधिक घरांत एकाच वेळीं पोहोंचविलेलें कोणतेंहि चित्र जनतेस पोहोंचविलें असें समजावें, आणि हॉटेल व वसतिगृहांच्या खोल्याहि त्यांत धराव्या, असें स्पष्टीकरण तेथें जोडलें गेलें. १९९५ सालीं केबलच्या जाळ्यांचें नियमन करणारा स्वतंत्र कायदा झाला आणि तार टाकणाऱ्यास नोंदणी सक्तीची झाली.

निकाल बरोबर होता, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. तरीहि तालुक्याच्या गांवच्या त्या केबलवाल्यास सरसकट चोर म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. तो हक्क विकत घ्यावयाचा म्हटला असता तर कोणाकडून घेणार होता? टोकियोस पत्र लिहून? हक्कांचा बाजार हा ठोक बाजार आहे. तेथें एक देश, एक भाषा, इतकीं वर्षें, इतक्या वेळां दाखविण्याची मुभा अशा मापानें माल विकला जातो. किरकोळ गिऱ्हाइकासाठीं तेथें दुकानच नाहीं. विकणाऱ्यानें ज्या गांवासाठीं दुकान मांडलें नाहीं, त्या गांवांत माल भलत्या वाटेनें आला, एवढेंच त्या प्रकाराचें ऐतिहासिक वर्णन करतां येईल. यांतून मूळ कलावंताचें नुकसान झालें नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

आतां आवाजाकडे वळूं, कारण आमच्या मतें खरा प्रश्न तेथें आहे. परभाषेंतील चित्रास आपला आवाज चढविणें हें काम दिसतें तितकें यांत्रिक नाहीं. चित्रांतील ओठ आधींच हललेले असतात. वाक्य त्या मापांत बसवावें लागतें, आणि तें बसवून पुन्हां तें भाषेच्या अंगानें सहज वाटावें लागतें. दूरदर्शनवरील मोगलीच्या वांट्यास या कामांत मोठींच माणसें आलीं. नाना पाटेकर यांनीं शेरखानास आवाज दिला. शीर्षकगीत गुलजार यांनीं लिहिलें व विशाल भारद्वाज यांनीं त्यास चाल दिली. तें गीत जपानी मालिकेंत कोठेंहि नाहीं. तें सर्वस्वीं येथलें. परंतु ज्यांनीं मालिका पाहिली त्यांच्या स्मरणांत चित्राच्या आधीं तें गीतच उभें राहतें. २०१६ सालीं अमेरिकन डिस्नी संस्थेनें याच गोष्टीवर नवा चित्रपट काढला, तेव्हां हिंदी आवृत्तीच्या प्रचारासाठीं तें गीत पुन्हां ध्वनिमुद्रित करविलें गेलें आणि शेरखानाच्या आवाजासाठीं पुन्हां नाना पाटेकरच आले. म्हणजे जपानी चित्रासाठीं केलेलें देशी लेणें अमेरिकन चित्राच्या अंगावर घातलें गेलें, आणि तें शोभलेंहि. अनुवाद मूळाहून वेगळा होऊन स्वतंत्रपणें जगूं शकतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांस आठवत नाहीं.

मात्र कायद्याच्या वहींत या लेण्याची नोंद कशी आहे पहा. गीताच्या शब्दांवर गीतकाराचा आणि चालीवर संगीतकाराचा निराळा हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीनें तर चित्रपटाच्या निर्मात्यास त्यांचा मानधनाचा वांटा कराराच्या जोरावर लिहून घेण्याची मनाई केली. पण जो केवळ बोलला, त्याचें काय? १९९३ सालीं आपल्या कायद्यांत नटाच्या किंवा बोलणाऱ्याच्या कलेवर हक्क असा शब्दच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें आला व १० मे १९९५ पासून लागूं झाला; प्रथम पंचवीस वर्षांचा, पुढें पन्नास वर्षांचा. त्यांतहि मेख अशी कीं, नटानें आपली कला चित्रपटांत घालण्यास एकदां संमति दिली, म्हणजे त्या हक्काचा जोर तेथें संपे. तेव्हां रविवारच्या त्या सकाळीं आमच्या घरांत बोलणारीं माणसें, दोनचार प्रसिद्ध नांवें सोडलीं तर, कायद्याच्या दृष्टीनें तेथें नव्हतींच. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेस आपल्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा हक्क होता. तो १९९३ च्या प्रक्षेपणापुरता २०१८ च्या अखेरीस संपला. पण त्याच्या खालचा, चित्रांवरील हक्क तसाच उभा आहे. वरचें कुलूप निघालें, खालचें राहिलें!

आपल्याकडे पूर्वीं ही अडचण नव्हती, कारण आवाज आणि चेहरा यांची फारकतच झालेली नव्हती. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरास 'अयोध्येचा राजा' काढला, तो मराठींत व हिंदींत असा दोनदां चित्रित करून. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनीं तेच प्रवेश दोन भाषांत दोन वेळां केले. खर्च दुप्पट, श्रम दुप्पट. परंतु मराठी चित्र हें मराठी म्हणूनच जन्मास आलें, हिंदीची सावली म्हणून नव्हे. हलत्या चित्रांतहि आपण अगदींच मागें नव्हतों. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालींच आगकाड्या नाचवून दाखविल्या होत्या, आणि प्रभातनें १९३४ मध्यें 'जंबूकाका' हें कार्टून केलें. ही वाट पुढें का बुजली, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

आवाजाच्या मालकीचा प्रश्न किती खोल जातो, हें दुसऱ्या एका जपानी चित्रावरून दिसेल. युगो साको नांवाचे जपानी गृहस्थ १९८३ सालीं बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं भारतांत आले असतां रामायणाच्या प्रेमांत पडले. त्यांनीं राम मोहन यांच्यासारख्या भारतीय चित्रकारास जोडीस घेऊन संपूर्ण रामकथा हलत्या चित्रांत उतरविली. रामासारख्या देवतेस कार्टून करणार म्हणून आरंभीं येथून विरोधहि झाला. चित्र १९९२ सालीं पुरें झालें, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत अयोध्येस जें घडलें त्यानंतर या देशांत असें चित्र थाटानें प्रदर्शित होणें कठीणच होतें. पुढें कार्टून नेटवर्कसारख्या वाहिन्यांवरून तें मुलांना सांपडलें. त्याच्या हिंदी आवृत्तींत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचें होतें. २४ जानेवारी २०२५ रोजीं, म्हणजे तीन दशकांनंतर, तें चित्र उजळून भारतांतील चित्रपटगृहांत लागलें. परंतु नव्या आवाजांत. चित्रें पूर्वींहून स्वच्छ दिसलीं. तीस वर्षें कानांत राहिलेला रावण मात्र पडद्यावर नव्हता. अमरीश पुरी २००५ सालींच वारले, म्हणजे तो आवाज पुन्हां मुद्रित करण्याचीहि सोय नाहीं; तो जुन्या फितींतच काय तो आहे. चित्राची प्रत जपावी हें जगास पटलेलें आहे. भाषांतरित आवाजाची प्रत जपावी, हें अजून कोणासच आपलें काम वाटत नाहीं. मूळ मालकास ती परकी, आणि तिच्या भाषेच्या लोकांस तिच्यावर हक्क नाहीं.

घरोघरच्या खाजगी फितींनीं हें काम अजाणतां थोडेंफार केलें. रविवारीं सकाळीं कोणी हौशी गृहस्थ व्हीसीआर लावून मालिका टिपून ठेवी. प्रक्षेपणापुरतें पाहिलें तर स्वतःच्या उपयोगासाठीं असें टिपण करण्यास कायद्याची सूट आहे. पण चित्रपटासारख्या कृतीचा खाजगी उपयोग हा योग्य व्यवहार समजण्याची तरतूद २०१२ सालीं आली. तोंपर्यंत आमच्या भागांतील उन्हाळ्यांनीं व धुळीनें बहुतेक फितींचा निकाल लावून टाकला होता. टाळेबंदीच्या दिवसांत, ८ एप्रिल २०२० पासून, दूरदर्शननें मोगलीची मालिका पुन्हां दाखविली. भरदुपारीं एक वाजतां बाप आपल्या मुलांना हांक मारून बोलावीत होते, आणि मुलांपेक्षां अधिक रमून स्वतःच पाहत होते.

या सबंध हकीकतींत मराठी कोठें आहे? शेरखानाच्या घशांत, एवढेंच उत्तर देतां येईल. ठोक बाजारांत महाराष्ट्राची गणना हिंदीच्या मुलखांत होत आली. १९९५ सालीं आलेलें कार्टून नेटवर्क आधीं इंग्रजींत व मग हिंदींत बोलूं लागलें. २००४ मध्यें निघालेली हंगामा ही वाहिनी हिंदी, आणि तिच्यावरील डोरेमॉन व शिनचॅन हे जपानी पोरहि हिंदींतच हट्ट करूं लागले. तमिळ मुलांसाठीं २००७ च्या एप्रिलांत चुट्टी ही स्वतंत्र वाहिनी निघाली, कारण तेथील व्यापाऱ्यास ठाऊक होतें कीं, हिंदींत हा माल त्या प्रांतांत खपणार नाहीं. आमचीं मुलें हिंदी समजतात हा त्यांचा गुण, आणि त्या गुणामुळेंच त्यांच्यासाठीं मराठी आवाजाचा खर्च करण्याची कोणास निकड वाटली नाहीं. वाशींतील मूल आजहि खेळतां खेळतां रागावलें कीं हिंदींत रागावतें. शेजारच्या मुलाशीं मराठींत बोलत असतांना मधेंच त्याचा शब्द बदलतो, आणि तो कोठून आला हें त्याच्या आजीस कळत नाहीं.

त्या जपानी मालिकेचे शेवटचे भाग १९९० सालचे. आपल्या कायद्याप्रमाणें त्यांवरील हक्क २०५० च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०५१ पासून वाशींतील कोणासहि तीं चित्रें घेऊन मोगलीस मराठींत बोलावतां येईल. मात्र तें हिंदी गीत त्यासोबत घेतां येणार नाहीं, कारण गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीनंतरहि साठ वर्षें चालतो. आज दहा वर्षांचें असलेलें मूल त्या दिवशीं पस्तिशीच्या घरांत असेल.